वारा बघणारे म्हाकूआप्पा

सकाळी उठल्यावर माणूस तोंड धुतो, देवाला हात जोडतो, चहाचं आधण ठेवतो. आमचे शेजारी म्हाकूआप्पा ठोंबरे उठले की आधी अंगणात यायचे, चिमूटभर माती उचलायचे, खांद्याइतक्या उंचीवरून ती सोडायचे आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "वारा कुठनं हाय?"

खरं तर माती कुठं उडाली ते त्यांनी स्वतःच पाहिलेलं असायचं. अंगणात उंच बांबू होता, त्याच्या टोकाला लाल चिंधी होती, तीही बोलत असायची. ती चिंधी माझ्याच ब्लाउजच्या कातरणातली, कारण मी घरी शिलाई करते. तरी हे रोज विचारायचे, आणि रोज कुणीही उत्तर द्यायचं नाही. कोण देणार? चुलीपुढं बसायचं की वाऱ्याची चौकशी करायची! पोरं तेवढी लांबून ओरडायची, "वारा आप्पाच्या डोक्यातनं हाय!" आणि पळून जायची.

आमची वस्ती कुरकुंभच्या अलीकडं, माळावर. दारात उभं राहिलं की कंपन्यांच्या चिमण्या दिसतात. शिफ्टचा भोंगा झाला की आम्ही भाकरी टाकतो, दुसरा झाला की जनावरं सोडतो. वारा आमच्याकडून कंपन्यांकडं जात असला तर आप्पा माणसात असायचे, कंपन्यांकडून येत असला तर त्यांचा दिवस गेला म्हणून समजा. मग जेवण नाही, झोप नाही, नुसते अंगणात येरझारा आणि दर थोड्या वेळानं नाक वर करून हुंगणं.

ही भीती त्यांच्या मनात घातली ती एका कंपनीनंच, तीही चांगल्या हेतूनं. आप्पांना तिथं गेटवर वॉचमन म्हणून घेतलं होतं. खाकी टोपी मिळाली, शिट्टी मिळाली. पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या माणसांना सुरक्षेचं ट्रेनिंग. साहेबानं पडद्यावर चित्रं दाखवली, गॅस सुटला तर काय होतं, डोळे कसे चुरचुरतात, पळायचं ते वाऱ्याबरोबर नाही, वाऱ्याला आडवं. बाकीची मंडळी पंख्याखाली डुलक्या घेत होती. आप्पा मात्र कीर्तनाला बसल्यासारखे हात जोडून ऐकत होते. शेवटी साहेब म्हणाला, कुणाला काही शंका?

आप्पा उभे राहिले. "सायेब, ह्ये समदं हितं हाय?"

"आहे, पण काळजी करू नका. सगळं बंद असतं."

"बंद हाय म्हंजी कवातरी उघडनार," आप्पा म्हणाले. टोपी टेबलावर ठेवली आणि घरी आले. शिट्टी द्यायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर महिन्याभरात ह्या जन्माच्या मेंढपाळानं राहिलेली मेंढरं विकली आणि जीप आणली. लष्करातून लिलावात निघालेली, डिझेलची, चारी चाकांना ताकद असलेली. वस्तीला वाटलं आप्पा आता शिरूर-दौंडचं भाडं मारणार. कसलं काय! डांबरी रस्त्यावर गाडी घातली की ह्या माणसाला घाम फुटायचा. नांगरलेल्या रानात मात्र अशी नेतील की बघत राहावं. त्यांचा हिशोब साधा होता, "रस्ता वाऱ्याबरूबर जातो. आपल्याला आडवं जायाचंय. आडवं म्हंजी रान आलं, वगळ आली, वढा आला. तितं साधी गाडी काय कामाची?" म्हणून ती जीप कुठंच जायची नाही. अंगणात उभी असायची, चारी चाकांना दगड लावून, आणि वारा फिरला की आप्पा दगड काढून तिचं तोंड फिरवायचे आणि पुन्हा दगड लावायचे.

एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले! त्यांनी अख्ख्या वस्तीला जीपमध्ये जागा वाटून दिल्या होत्या. कोण टपाच्या दांडीला धरून, कोण मागच्या फळीवर, कुणाच्या मांडीवर कुणाचं पोर. पुढची, त्यांच्या शेजारची जागा माझ्या सासूबाईंची. सासूबाई गोठ्यात पडल्या तेव्हा खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या ओसरीवरच्या खाटेवर. बसायला लागल्या, पण चालणं गेलं ते गेलं. आप्पा त्यांना अक्का म्हणतात. "आधी अक्का. मंग पोरं. मंग बाया. मंग गडी," हा त्यांचा कायदा.

मी एकदा विचारलं, "आप्पा, माझं शिलाईचं मशीन?"

"मशीन न्हाई. मान्सं," म्हणाले. वर आणखी, "आन् तुझा नवरा आठवड्याला घरी येतू. त्याची जागा म्या ठिवलीया, पर त्यो रांजणगावातच ऱ्हाईल तर बरं. तिकडं वारा चांगला हाय."

नवऱ्याची कंपनी रांजणगावला, त्यामुळं घरात मी आणि सासूबाई दोघीच. त्यामुळं ही वाऱ्याची कटकट सगळी माझ्या कपाळी.

पंधरवड्यातून एकदा शिट्टी वाजायची. मग हातातलं टाकून पळायचं आणि आपापल्या जागेवर चढायचं. पोरांना तर तो सणच. बायका शिव्या घालत चढायच्या, पण चढायच्या. एकदा शेजारच्या पाटलाच्या कांद्यातून गाडी गेली तेव्हा पाटील काठी घेऊन धावला. आप्पा खाली उतरून म्हणाले, "पाटील, तुमची बी जागा हाय. मागं, डाव्या अंगाला." पाटलानं कपाळावर हात मारला. फिरून आल्यावर आप्पा प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचे, जोडीजोडीनं, मेंढरं मोजतात तसं. मोजून झालं की त्यांचा चेहरा जरा सैल पडायचा.

सासूबाई खाटेवरून टोमणा मारायच्या, "म्हाकू, तुझ्याइतकं भित्रं मानूस म्या जल्मात बघितलं न्हाई."

"व्हय अक्का," ते म्हणायचे. त्यांना राग असा यायचाच नाही.

आम्ही हसायचो. पण खरं सांगते, एखाद्या सकाळी वाऱ्याबरोबर कसला तरी वास यायचा. कशाचा, कुठून, कुणालाच सांगता यायचं नाही. त्या सकाळी कुणी हसत नसे. जो तो आपापल्या दारात येऊन उभा राहायचा आणि एकदा तरी जीपकडं बघून घ्यायचा, आहे ना जागेवर.

आप्पांना सैल गोष्टीची फार भीती. सैल दोरी, सैल कडी, सैल बोल्ट. रोज वारा बघून झाला की पान्हा घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालायचे, "जरा आवळून घेतो." आता जीपच्या इंजिनाला डिझेल गाळायचं एक भांडं असतं. टाकीतलं डिझेल त्यातून गाळून पुढं जातं. मेकॅनिक लोक त्याला फिल्टरची बॉडी म्हणतात. ह्या बॉडीचा बोल्ट आप्पांनी रोज थोडाथोडा आवळला. शेवटी तिचे आटे गेले आणि अंगाला केसासारखी चीर पडली. डिझेल बाहेर, हवा आत. गाडी सुरू व्हायची, थोडं चालायची, मग गचके खाऊन गप.

तेव्हा ते माझ्याकडं आले. "सूनबाई, साबन हाय का? अंगाचा नगं. कपड्याचा, कडक."

चिरेत साबण भरला तर डिझेल गळायचं थांबतं, हे मला तेव्हा कळलं. कितीतरी दिवस ती जीप माझ्या साबणावर चालली. मी धुणं घेऊन बसले की वडीला बोटानं खणलेलं दिसायचं.

आणि मग एका शिट्टीला, सगळी वस्ती अंगावर घेऊन, जीप पाटलाच्या रानात मधोमध बंद पडली. आप्पांनी खटपट केली, जमलं नाही. सगळे उतरून ढेकळं तुडवत घरी आले. सासूबाईंना तर चार गड्यांनी घरची खाट आणून तिच्यावरून उचलून न्यावं लागलं. आप्पा मागून येत होते, तोंड पांढरंफटक. "आज खरंच गॅस आला असता तर?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी पोरंही ओरडली नाहीत.

दौंडचा मेकॅनिक म्हणाला, गाडी घेऊन या, दिवसभर ठेवा. आप्पा त्याच्यावरच खेकसले, "गाडी दौंडात आन् मान्सं हितं व्हय?" त्याला वस्तीवर बोलवावं तर, "त्यो घाईत आवळील." म्हणजे हे काम घरीच, स्वतःच करायचं. दौंडच्या दुकानातून त्यांनी नवी बॉडी आणली, आत नवा फिल्टर, टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. मग नुसते बसून राहिले. वाऱ्याची वाट बघत! गाडी उघडी असताना वारा कंपनीकडून असून चालायचं नाही ना. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. शेवटी एका सकाळी माती सोडून ओरडले, "वारा आपल्याकडनं तिकडं हाय! आज उघडायची!"

लिंबाखाली पोतं अंथरलं. माझी भाकरीची काठवट मागून नेली. त्यात निघालेला एकेक बोल्ट, एकेक तांब्याचा वायसर निघाला त्या क्रमानं मांडला. कुणाला जवळ येऊ देईनात. मला मात्र बोलावलं, "तुझी बोटं बारीक हायेत. वायसर धरून ऱ्हा." मी शिलाई सोडून डिझेलात हात घातले. जुनी बॉडी निघाली, तिच्या अंगाला माझा साबण तसाच. नवी बसवण्याआधी आप्पा घरात गेले आणि मूठ मिटून आले. माझं लक्ष वायसरकडं, मी विचारलं नाही.

नवी बॉडी बसली. आता हवा काढायची. म्हणजे वरचा एक बारका बोल्ट सैल करायचा आणि खालचा हातपंप दाबत राहायचं. आधी बुडबुडे येतात, मग स्वच्छ डिझेल येतं, की बोल्ट बंद. आप्पा दाबायला लागले. दाबताहेत, दाबताहेत, बुडबुडा नाही की थेंब नाही.

मी सहज वर बघितलं. "आप्पा, चिंधी फिरली."

त्यांनी बांबूकडं बघितलं आणि पंप आणखी जोरात दाबायला लागले. अर्ध्या घटकेनं भोंगा झाला.

शिफ्टचा भोंगा होतो आणि थांबतो. हा थांबेना. वरखाली होत नुसता किंचाळत राहिला. मला वासही आला. नंतर कळलं तो माझ्याच हातांच्या डिझेलचा होता, पण त्या वेळी मी देवाशपथ सांगितलं असतं की गॅस आला. माझ्या हातातले उरलेले वायसर मातीत पडले.

लोक धावले. शिकवलं होतं तसे सरळ जीपकडं धावले, आपापल्या जागेवर चढले, आणि मग त्यांना उघडं बॉनेट दिसलं. गडी सगळे शिफ्टला नाहीतर रानात. होत्या त्या बाया, पोरं आणि दोन म्हातारे. सगळे आप्पांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस धोतर सावरून सगळ्यांत आधी पळणार.

आप्पांनी शिट्टी वाजवली. "गाडी न्हाई. चालत! उतरा समदी. वाऱ्याला आडवं, वगळीच्या वरल्या अंगाला. तोंडाला वला पदर. जोडीनं, हात सोडायचा न्हाई!" आवाज फाटत होता, पण एकेक जोडी समोरून गेली तिच्या डोक्याला हात लावूनच त्यांनी सोडली. काळे पंजे उमटले सगळ्यांच्या डोक्यांवर.

राहिल्या सासूबाई. त्यांना रानातून उचलून नेणं आम्हा दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. खाटेवरून जीपपर्यंतच नेता नेता त्या कळवळल्या. पुढच्या जागेवर बसवल्यावर म्हणाल्या, "मला ऱ्हाऊ द्या. तुम्ही जावा."

"गप बसा," मी सासूला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आप्पा पुन्हा पंपाला भिडले. थेंब नाही. मी मंगळसूत्राला अडकवलेली सुई काढली, वरच्या बोल्टच्या भोकात खुपसली आणि फिरवली. बाहेर आला तो पिवळा चिखल.

"आप्पा, हे काय?"

ते खाली बघायला लागले. "भंडारा."

"भंडारा? ह्याच्यात?"

"नवी वस्तू हाय. देवाचं नाव नगं का? चिमूटभर घातला म्या." जरा थांबून म्हणाले, "मूठ."

खंडोबा मला माफ करो, पण मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. आप्पांनी मुकाट्यानं बॉडी पुन्हा खोलली. आत हळदीचं कालवण झालेलं, नवा फिल्टर पिवळाधमक. "ओता ते! फेका!" मी ओरडले. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"सूनबाई, पायदळी जाईल."

भोंगा किंचाळतोय, वारा तोंडावर येतोय, आणि हा माणूस दोन्ही हातांत ते भांडं धरून, सांडू न देता, पावलापावलानं लिंबामागं गेला. तिथं जिथं कुणाचा पाय पडत नाही अशा खोबणीत ते ओतलं आणि बोट कपाळाला लावलं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढच्या सीटवरून सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, गॅसातनं वाचले तर ह्या म्हाकूपायी मरंन मी." आणि त्या हसायला लागल्या. भीतीनं माणूस असंही हसतं.

भांडं पुसलं. जुना फिल्टरच आत घातला. वायसर मी मातीतून शोधून पदराला पुसून दिले. पुन्हा बॉडी चढवली, पुन्हा पंप. आप्पांच्या कपाळावरचा घाम डिझेलात पडत होता. मला त्यांची दया आली. म्हटलं, "आप्पा, तुम्ही जा. मी सासूबाईंजवळ बसते. तुम्हाला भीती वाटते."

"लई वाटती," ते म्हणाले. पंप थांबवला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. "पर गॅसचं न्हाई वाटत, सूनबाई. एकट्यानंच वाचायचं भ्या वाटतं."

ते पंपाकडं बघत बोलत राहिले, जोराजोरात, भोंग्याच्या वर. "बारका हुतो. माळावर मेंढरांचा वाडा बसला हुता आमचा. मेंढरं, आई-बा, थोरला भाऊ. आईनं मला पान्याला धाडलं. मागं वीज पडली. घागर घिऊन आलो तर समदी निजल्यावानी आडवी. म्या एकेकाचं नाव घिऊन हाका मारल्या. सांजपतोर मारल्या. कुनी ओ दिली न्हाई." पंपाचे दोन दणके त्यांनी जोरात मारले. "तवापास्नं मोजतो."

सासूबाईंचं हसणं थांबलं होतं.

बुडबुडा आला. मग आणखी आले, आणि मग स्वच्छ डिझेलची धार आली. आप्पांनी बोल्ट बंद केला, पान्हा लावला, आवळला, आणखी आवळायला गेले. मी त्यांच्या मनगटाला धरलं. "बास." त्यांनी पान्हा खाली ठेवला. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. मी मागं चढले आणि जीप बांध ओलांडून रानात घुसली.

वगळीच्या वरच्या अंगाला सगळे गाठले तोवर भोंगा बंद झाला होता. शिफ्टवरून निघालेला आमच्या वस्तीतला एकजण फटफटीवरून ओरडत येत होता. एका कंपनीनं नवा भोंगा बसवला होता, तो चालू करून बघताना बटण अडकलं होतं, बाकी काही नाही. मग काय विचारता! कुणी हसतंय, कुणी रडतंय, कुणी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतंय. आप्पा आधी सगळ्यांना मोजून आले. मग चाकाला टेकून जमिनीवर बसले, आणि त्यांचे हात असे हलायला लागले की त्यांना ते मांडीखाली दाबून धरावे लागले.

सासूबाई वरून म्हणाल्या, "म्हाकू, बसवलीच हाईस तर जरा माळावरनं फिरवून आन मला. लई दिसांत शिट्टीबिगर अंगान वलांडलं न्हाई."

त्यांनी नेलं. आम्ही चालत घरी आलो, त्या दोघांची गाडी माळावर फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं होते. बाहेर आप्पांची रोजची हाक आली, "वारा कुठनं हाय?"

मी फुंकणी टाकून दाराशी गेले, पण सासूबाईंनी खाटेवरून माझ्या आधी ओ दिली. "आपल्याकडनं तिकडं हाय रं म्हाकू. आन् आम्ही समदी हाय हितं!"

"हाय, आप्पा!" मीही ओरडले. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, मग आणखी कुणी.

आप्पांचा हात तसाच वर होता, बोटांतली माती केव्हाच पडून गेली होती. मग म्हणाले, "मंग बरं हाय." आणि त्या दिवशी पान्हा न घेताच घरात गेले.